पितळेचा सांधा, विजेचा टाका : जालन्यातील सायकल-दुरुस्तीचा एक धागा

सायकलीचा इतिहास लिहिताना आपण कंपन्यांची नावे आणि साले यांवर थांबतो. मोडल्यावर तिचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जालन्यात त्याचा पुरावा भंगाराच्या ढिगांत मिळतो. येथील भट्ट्या भंगार वितळवतात आणि त्यातून सळई निघते. मोडक्या फ्रेमी त्या वाटेवर काही दिवस ढिगात पडून असतात. गेली काही वर्षे मी त्या उलटसुलट करून पाहतो आहे. एखाद्या दफ्तराची पाने चाळावीत तसे हे काम आहे. सांध्याजवळचा रंग खरवडला की खाली पिवळे पितळ दिसते, नाहीतर विजेच्या वेल्डिंगचा काळा, खडबडीत गोळा. बऱ्याच फ्रेमींवर दोन्ही दिसतात आणि नळी नेमकी त्या दोहोंच्या शेजारी तुटलेली असते.

यामागची गोष्ट अशी. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली आणि सारख्या उंचीच्या दोन चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल रुळली. आजची चौकट तिचीच सुधारलेली आवृत्ती. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग येथून गेला. त्या काळात हिंदुस्थानात चालणाऱ्या सायकली बहुतेक विलायती असत : रॅले, हर्क्युलिस, बी.एस.ए., हंबर. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि लगेचच्या काही वर्षांत देशी कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ टी.आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनिपतला अॅटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये. नावे बदलली, पण काळ्या, दणकट सायकलीची बांधणी तीच राहिली.

ती बांधणी समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती कळत नाही. फ्रेमच्या नळ्या एकमेकींना थेट चिकटवलेल्या नसत. त्या पोकळ बाह्यांत बसवत. मिस्त्री त्यांना ‘लग’ म्हणतात. नळी आणि लग यांच्यामधल्या बारीक फटीत वितळलेले पितळ ओढले जाई. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात, झाळायचे पितळ ९०० च्या आसपासच पातळ होते. म्हणजे जोड देताना नळी स्वतः वितळत नाही. ही विद्या आपल्याकडे परकी नव्हती. टाकणखार टाकून धातू झाळणे सोनारांना आणि तांबटांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. सायकल नवी होती, झाळ जुनीच. म्हणूनच कारखान्याने जसा सांधा दिला तसाच तो गावात पुन्हा देता येई. कार्बाइडवर चालणारी गॅसची टाकी, पितळी कांडी आणि टाकणखार एवढ्यावर दुकान चाले.

विजेचे वेल्डिंग हाताशी आले ते दारे, ग्रील, ट्रॉल्या करणाऱ्या दुकानांमुळे. जालना पोलादाचे गाव झाल्यावर अशा दुकानांना काय तोटा! काम पाच मिनिटांत होते आणि पैसे कमी लागतात, त्यामुळे तुटलेली सायकल तिकडे वळली. माझ्या मते दुरुस्तीची खरी घसरण येथे झाली. यंत्र वाईट म्हणून नव्हे, तर ते चुकीच्या सांध्यावर चालले म्हणून. पितळ मुरलेल्या लगवर विजेची ज्योत पडली की पितळातले जस्त उकळून धूर होतो आणि टाक्यात बुडबुडे राहतात; तांबे तापलेल्या पोलादाच्या कणांमध्ये शिरून त्याला चिरा पाडते. वरून गोळा भक्कम दिसतो, आत पोकळी असते. हा धूर वेल्डरच्या छातीलाही वाईट. शिवाय नळीची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. ग्रीलची सवय असलेल्या हाताने ती कडेला खाल्ली जाते आणि पुढची चीर तेथूनच निघते.

दुसरी चूक आमच्या गावाला साजेशी आहे : तुटलेल्या नळीत भरीव सळईचा तुकडा घालून वरून टाका. सळई वाकत नाही, नळी वाकते. मग सगळा ताण सळई संपते तेथे येतो आणि नळी तेथे तुटते. त्यापेक्षा घट्ट बसणारा नळीचाच तुकडा, टोके तिरपी कापून, आत घालावा आणि पितळाने झाळावा. ढिगात अशा फ्रेमी मिळतात. त्या दुसरीकडे कुठेतरी मोडलेल्या असतात, जोड मात्र शाबूत. कोणाचे हात होते कोण जाणे.

चांगला मिस्त्री गॅस पेटवण्याआधी फ्रेम वाचतो. समोरून धडक बसली असेल तर हँडलच्या नळीच्या मागे, दांडीच्या आणि खालच्या तिरप्या नळीच्या पोटाशी रंगाला सुरकुती पडते. मग दोरी. हँडलच्या नळीवरून एकच दोरी दोन्ही बाजूंनी मागच्या चाकाच्या खाचांपर्यंत ताणायची आणि सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजायचे. ते सारखे नसेल तर फ्रेम पिळली आहे. पॅडलचा आणि हँडलचा छर्रा-कटोरी आधी काढायची, जुना रंग आणि गंज चकचकीत होईपर्यंत घासायचा, झाळ झाल्यावर पाणी न मारता आपोआप निवू द्यायचे. चीर असेल तर नुसती वरून भरायची नाही. ती संपते तेथे भोक पाडून थांबवायची आणि वर बाही चढवायची. पुढचा चिमटा तडकला असेल तर दुरुस्तीच करायची नाही, नवा बसवायचा. मागची नळी तुटली तर सायकल खाली बसते; चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

हा प्रश्न केवळ जुन्या सायकलींचा असता तर मी एवढा लांबवला नसता. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकलीचे अर्थसाहाय्य मिळते आणि जालना जिल्हा त्यात आहे. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर डबलसीट, दप्तरांसह चालणाऱ्या या सायकली मोडणारच. आजच्या बऱ्याच सायकलींना लग नसतात; त्यांच्या नळ्या कारखान्यातच विजेने जोडलेल्या असतात. तेथे पातळ नळीचा सराव असलेल्या माणसाने कमी करंट ठेवून दिलेला टाका चालतो. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र गावातला कोणताही टाका नको. तिची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या धगीने सांध्याजवळ ती उतरते आणि तीच प्रक्रिया पुन्हा केल्याशिवाय परत येत नाही. तेव्हा चुंबक लावून पाहावे. चिकटला तर पोलाद. मग लग आहे का, रंगाखाली पिवळे दिसते का ते पाहावे. पिवळे दिसले तर ती सायकल ग्रीलच्या दुकानात नेऊ नये, गॅसवाल्याकडे न्यावी. असे गॅसवाले आता थोडे उरले आहेत, आणि जे आहेत त्यांच्याकडे सायकलीपेक्षा फ्रीजच्या तांब्याच्या नळ्या जास्त येतात.