मालवणीतला ‘भाचा’: घर विकायला बंदी, मग भाड्याचं काय?

“कुणी विचारलं तर माझा भाचा म्हणून सांगायचं.”

सांख्यिकीत एमएस्सी करत असताना मी मालाडच्या मालवणीत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या एका इमारतीत भाड्यानं राहत होतो. किल्ली हातात देताना घरमालक काकांनी सांगितलेलं हे पहिलं वाक्य. डिपॉझिट रोख दिलं, करारनामा झाला नाही. तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती. आज माझं संशोधन याच वाक्याभोवती फिरतंय. तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल, तर या वाक्याचा इतिहास एकदा बघाच.

सुरुवात 1947 पासून

मुंबईत घर भाड्यानं देण्याची भीती जुनी आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली आणि भाडेकरूला संरक्षण दिलं. त्यातून पागडी फोफावली. भाडेकरू नको म्हणून लोक ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट धरू लागले. मग 1973 च्या दुरुस्तीनं, 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर राहणाऱ्या अशा लायसन्सधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. मालकांनी यातून एकच धडा घेतला: घर भाड्यानं दिलं की गेलं. त्यापेक्षा कुलूप बरं!

चित्र बदललं ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मुळे. हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी कलम 24 नं मालकाला वेगळी, जलद वाट दिली. कलम 55 नं लेखी आणि नोंदणीकृत करार सक्तीचा केला. ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही’ हे तुम्ही ऐकलं असेल. महाराष्ट्रात ते खरं नाही.

दुसरा धागा: सरकारी घर

म्हाडाची स्थापना 1977 ची. 1985 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं मुंबई नागरी विकास प्रकल्प मंजूर झाला. चारकोप, गोराई आणि मालवणीत रस्ते, पाणी, गटारं यांची सोय करून छोटे भूखंड दिले गेले. घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. या भागांतले ‘आरएससी रोड’ ही त्याच आखणीची खूण.

अशा योजनांमागची शंका सरळ असते. स्वस्तातलं घर गरिबानं विकलं तर अनुदान दलालाच्या खिशात जाणार. म्हणून परवानगीशिवाय हस्तांतरण नाही. पण बंदीमुळे व्यवहार थांबले नाहीत, फक्त कागद बदलला. विक्रीखताच्या जागी पॉवर ऑफ ॲटर्नी आली. अशा कागदानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लँप खटल्यात स्पष्ट केलं.

एकच बंदी नाही

इथं बरेच विद्यार्थी घसरतात, मीही घसरलो होतो. ‘सरकारी घर भाड्यानं देता येत नाही’ असं सरसकट विधान मी पहिल्या मसुद्यात ठोकून दिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: “कोणतं सरकारी घर?”

म्हाडाच्या सोडतीत लागलेलं घर ठरावीक मुदतीत विकता येत नाही, पण म्हाडाची परवानगी घेऊन भाड्यानं देता येतं. पुनर्वसनाच्या घराचं तसं नाही. झोपडपट्टी कायदा, 1971 मध्ये नंतर आलेल्या कलम 3ई नं पहिली दहा वर्षं विक्री, बक्षीस, अदलाबदल यांच्याबरोबर भाडेपट्ट्यालाही बंदी घातली. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतील, पण एकीतला भाडेकरू कागदावर असतो आणि दुसरीतला भाचा होतो. सिंगापूरमध्ये तिसरी तऱ्हा आहे: सरकारी फ्लॅट विकायचा किंवा पूर्ण भाड्यानं द्यायचा, तर आधी साधारण पाच वर्षं स्वतः राहावं लागतं.

भाड्यानं दिलं म्हणजे योजना फसली?

सोडत म्हणजे संशोधकाला आयता मिळालेला प्रयोग. अर्जदार सारखेच, काहींना चिठ्ठी लागते, काहींना नाही. त्यामुळे दोन्ही गटांतला पुढचा फरक घराचा परिणाम मानता येतो. तनू कुमार या संशोधिकेनं मुंबईतल्या म्हाडा सोडतींवर नेमकं हेच केलं. विजेत्यांवर तिथं राहायला जायची सक्ती नव्हती, अनेकांनी घर भाड्यानं दिलं. तरीही विजेत्या कुटुंबांत शिक्षण आणि रोजगाराची स्थिती सुधारलेली आढळली. म्हणजे स्वतः न राहताही घर उपयोगी पडतं. दर महिन्याच्या भाड्यातून मुलीची फी भरली जाते.

मुंबई आणि चेन्नईतल्या भूखंड योजनांकडे ओवेन्स, गुल्यानी आणि रिझवी यांनी वीस वर्षांनी पुन्हा पाहिलं. एकेकाळी फसल्या म्हणून बाजूला टाकलेल्या त्या वस्त्या चांगल्या रुजल्या होत्या. तेव्हा ‘मूळ लाभार्थी किती उरले’ हे एकच माप लावून निकाल देऊ नका.

पण भाच्याचं काय?

या अभ्यासांत विजेता दिसतो, मालक दिसतो. मी कुठं दिसत नाही. एका मे महिन्यात इमारतीत पडताळणीची कुजबुज सुरू झाली आणि काकांनी मला चार दिवसांत खोली सोडायला सांगितलं. डिपॉझिट अर्धंच परत आलं. कलम 55 मध्ये एक तरतूद आहे: नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. पण ते म्हणणं मांडायला मी जाणार कुठं? तक्रार करायची म्हणजे आधी मी भाचा नाही हे कबूल करायचं. काकाही वाईट नव्हते. गावी आजारी भावाच्या औषधांचा खर्च याच भाड्यातून जायचा. माझी खोली त्यांना हवी होती असं नाही, त्यांना त्यांचं घर वाचवायचं होतं.

म्हणून क्षेत्रकामाला जाल तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, बंदीचा मजकूर मुळातून वाचा. विक्री, भाडेपट्टा, हस्तांतरण हे तीन वेगळे शब्द आहेत. दुसरी, प्रश्नावलीत “घर स्वतःचं की भाड्याचं?” एवढंच विचारू नका, त्याला “मालकाचे नातेवाईक” हेच उत्तर येईल. “इथं किती वर्षं राहता? वीजबिल कोण भरतं? मागची खोली का सोडली?” असं विचारा. आणि उत्तर मिळालं तर नाव, मजला, विंग काहीही वहीत लिहू नका. तुमच्या आकडेवारीपायी कुणाला चार दिवसांत खोली सोडावी लागू नये.