गॅलॅक्सिटीचे दोन सेवक

चित्रकथा ही मुलांच्या करमणुकीची बाब, असे समजून आपण प्रौढ मंडळी तिला सहसा बाजूस सारतो. ‘वालेरियन’ या फ्रेंच विज्ञानचित्रकथेचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

तिचे जनक, लेखक पिएर क्रिस्तँ आणि चित्रकार जाँ-क्लोद मेझिएर, दोघेही १९३८ साली जन्मलेले. महायुद्धात हवाई हल्ल्याच्या वेळी आसऱ्याच्या तळघरात त्यांची मैत्री जमली. पुढे अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथे ते पुन्हा एकत्र आले, आणि मायदेशी परतल्यावर नोव्हेंबर १९६७ मध्ये ‘पिलोत’ साप्ताहिकात ही कथा सुरू झाली.

वालेरियन हा अठ्ठाविसाव्या शतकातील गॅलॅक्सिटी या राजधानीचा सेवक. हुकूम येईल त्या काळात व त्या ग्रहावर त्याने रुजू व्हावे. त्याची सहकारी लोरलीन ही मात्र अकराव्या शतकातील फ्रान्सची कन्या. तिला पहिल्या कथेपुरतेच आणले होते. वाचकांना ती इतकी आवडली की ती कायमची राहिली. कथेचे खरे मर्म आम्हांस येथेच दिसते. १९७२ च्या पुस्तकात अल्फ्लोलोल ग्रहाचे मूळ रहिवासी दीर्घ प्रवासाहून घरी परततात, तो गॅलॅक्सिटीने त्यांच्या ग्रहाचे नाव बदलून तेथे कारखाने उभारलेले! वालेरियन नियम आणि न्याय यांच्या कात्रीत सापडतो. लोरलीन निःशंकपणे त्या लोकांची बाजू घेते.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९६८ च्या कथेत लेखकांनी १९८६ साली पृथ्वीवर महाउत्पात घडवून न्यूयॉर्क जलमय केले होते. ते वर्ष जवळ आले तेव्हा १९८५ च्या पुस्तकात त्यांनी तो अनर्थ टाळला. परंतु त्या उत्पातानंतरच उदयास आलेली गॅलॅक्सिटीही त्यामुळे नाहीशी झाली. पृथ्वी वाचली, दोन्ही सेवकांचे सरकार व मुलूख मात्र गेले, आणि तरीही ती दोघे एकमेकांची सोबत न सोडता वाट काढीत राहिली.

२०१७ साली या कथेवर चित्रपट निघाला. मेझिएर २०२२ मध्ये व क्रिस्तँ २०२४ मध्ये निवर्तले. यानांची व अद्भुत प्राण्यांची चित्रे मोहक आहेतच. परंतु परमुलखात हुकुमाची अंमलबजावणी करताना तेथल्या माणसाचे म्हणणे आपण ऐकतो काय, हा लोरलीनचा प्रश्न घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना अधिक जवळचा वाटतो.