रात्रशाळेतली इंग्रजी

आमच्या भागातली माणसं मुंबईला गेली ती गिरणीत. परळ-लालबागला मस्टर, जॉबर, बॉबिन, ओव्हरटाइम असले शब्द त्यांच्या तोंडी आपोआप बसले. ही कानानं शिकलेली इंग्रजी. पुस्तकातली निराळी.

ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. पुढं गिरणगावात अशा शाळा वाढल्या. आमचे थोरले चुलते पहिली पाळी करून अशाच एका शाळेत जायचे. खोलीत पंधरा गाववाले, म्हणून अभ्यास चाळीच्या गॅलरीत. हाताशी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला.

मॅट्रिक झाले, पण कॉलेजात पेपर इंग्रजीत. ते सांगायचे, "उत्तर यायचं रे, प्रश्नच कळायचा नाही!" मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर प्रश्नांतलेच शब्द उतरवले. डिफाइन म्हणजे व्याख्या दे, एक्स्प्लेन म्हणजे समजावून सांग, कम्पेअर म्हणजे तुलना कर, प्रूव्ह म्हणजे सिद्ध कर. जेमतेम तीस शब्द, पण कुठल्याही विषयाला तेच.

साच्यावरून उठून ते एका कचेरीत लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कितीतरी जण वळकटी घेऊन गावी परतले. चुलत्यांची चूल पेटती राहिली, आणि आणखी दोन घरांची त्यांनी पेटवली.

राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तरी आमची पोरं अकरावी सायन्सला त्याच शब्दांपाशी अडतात. त्या पानाच्या झेरॉक्स मी शाळेत वाटल्यात.