चांद्याचा बर्फ, चांद्याचा कोळसा

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, "सर, तुम्हीच सांगितलंत की आपल्या चांद्यात एके काळी बर्फ होता. तो काय कुणी कारखाने काढून वितळवला? हवामान बदलतच असतं. मग आता माणसाच्या नावानं का ओरडायचं?" आम्ही तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो आणि चहा संपवला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर समजा.

तर आधी बर्फ. चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊन आठवतं. मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर गेला की देशभरच्या बातम्यांत आपलं नाव झळकतं. अशा गावाजवळ हिमनदी होती, हे कुणाला सुचलं कसं?

गोष्ट सुरू होते ओडिशात. १८५६ साली विल्यम ब्लॅनफर्ड, त्यांचे भाऊ हेन्री ब्लॅनफर्ड आणि विल्यम थिओबाल्ड हे भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे अधिकारी तालचेरच्या कोळशाचा अभ्यास करत होते. कोळशाच्या थरांखाली त्यांना एक चमत्कारिक थर दिसला. बारीक गाळ, आणि त्या गाळात रुतलेले मोठमोठे गोटे. पाण्याचा न्याय असा की जोराचा प्रवाह गोटे वाहून नेतो आणि संथ पाणी गाळ टाकतं. दोन्ही एकाच जागी, एकत्र कसे? बर्फात अडकून आलेले गोटे बर्फ वितळल्यावर गाळात पडले असतील, असं त्यांनी सुचवलं. उष्ण कटिबंधात बर्फ! लोकांना हे पटणं कठीणच होतं.

पटण्याजोगा पुरावा मिळाला तो आपल्याकडे. फ्रान्सिस फेडन यांनी पैनगंगेच्या पात्रात, इरई गावाजवळ, अशाच गोट्यांच्या थराखालचा चुनखडीचा खडक पाहिला. (इरई म्हटलं की आपल्याला नदी आणि धरण आठवतं, हे त्याच नावाचं गाव.) तो खडक घासून गुळगुळीत झाला होता आणि त्यावर ओरखडे होते. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर असे ओरखडे काढतात. फेडन यांचा लेख १८७५ साली छापून आला. आणि योगायोग बघा, त्याच १८७५ साली भारताचं हवामान खातं स्थापन झालं. त्याचे पहिले प्रमुख कोण? हेन्री ब्लॅनफर्ड. ज्यांनी तरुणपणी दगडांत जुना बर्फ ओळखला, त्यांच्याच हातात पुढे देशाचे तापमापक आले.

हा बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत आजच्या जागी नव्हताच. तो दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना चिकटून होता. त्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइडही कमी होता. पुढे जमीन उत्तरेकडे सरकली, हवेची घडण बदलली, बर्फ गेला. माणूस तर सोडाच, डायनोसॉरसुद्धा अजून जन्माला यायचे होते. म्हणजे त्या श्रोत्यांचं निम्मं म्हणणं आम्हाला मान्य आहे. निम्मं कशाला, पाऊण म्हणा. निसर्ग हवामान बदलतो, आणि आपण आज कल्पनाही करू शकणार नाही इतकं बदलतो.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं इथे थांबून चालत नाही. 'पूर्वीही बदललं' हे उत्तर नाही. पूर्वी का बदललं, हे विचारावं लागतं. आपल्या जंगलात वणवा विजेनंही लागतो, आणि मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळला त्यातूनही लागतो. विजेनं वणवे लागतात म्हणून यंदाचा वणवाही विजेचाच, असं कुठला वनरक्षक म्हणेल? तो आग जिथून सुरू झाली ती जागा शोधतो. आपणही तेच करू.

बर्फ गेल्यावर या भागात दलदली आणि दाट रानं झाली. त्यांतलं मुख्य झाड ग्लॉसॉप्टेरिस, जिभेच्या आकाराच्या पानांचं. ही झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढली, पडली, चिखलात गाडली गेली आणि लाखो वर्षांत त्यांचा कोळसा झाला. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, दुर्गापूर इथला कोळसा म्हणजे त्या काळच्या हवेतून काढून जमिनीत पुरून ठेवलेला कार्बन आहे. निसर्गानं हे काम अतिशय सावकाश केलं. सिरोंचा तालुक्यात वडधमला जी दगड झालेली झाडं आहेत, पोचमपल्लीला बारापासॉरस या प्रचंड डायनोसॉरची जी हाडं निघाली, ते सगळं कोळशानंतरचं. तोवर कोळसा खाली स्वस्थ पडून होता.

या सगळ्या थरांना नाव काय द्यायचं? सर्वेक्षण खात्याचे हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास 'गोंडवाना' हे नाव सुचवलं. गोंड राजांचा मुलुख म्हणून. ज्या राजांनी चांद्याचा परकोट बांधला, त्यांचं नाव खडकांना मिळालं. मग व्हिएन्नाचे प्राध्यापक एडुआर्ड स्यूस यांनी पाहिलं की असेच थर आणि हेच जिभेच्या आकाराचं पान आफ्रिकेतही सापडतं. त्यांनी १८८५ साली त्या साऱ्या प्राचीन भूखंडाला 'गोंडवाना-लँड' म्हटलं. आज जगातल्या कुठल्याही भूशास्त्राच्या पुस्तकात तुम्हाला गोंडांचं नाव सापडेल. वाचणाऱ्याला ते कुठून आलं हे बहुधा ठाऊक नसतं, ते सोडा.

स्यूस हे नाव मात्र लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

त्याच दशकात, म्हणजे १८७० नंतर, वरोऱ्याला सरकारनं कोळशाची खाण सुरू केली आणि वर्ध्याहून तिथवर रेल्वे आणली. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण काम बल्लारपूरकडे सरकलं आणि थांबलं नाही. १९८० च्या दशकात चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. मुंबई-पुण्याच्या दिव्यांत ग्लॉसॉप्टेरिस जळतं, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ते हसतात. पण ते अक्षरशः खरं आहे.

आता प्रश्न असा. हा जुना कार्बन हवेत साठतोय हे कशावरून? समुद्रानं गिळला असेल. किंवा हवेत वाढलेला कार्बन ज्वालामुखींचा असेल.

इथे स्यूस परत येतात. एडुआर्ड नव्हे, त्यांचे नातू हान्स स्यूस, रसायनशास्त्रज्ञ. आजोबांनी कोळसा धरून असणाऱ्या भूखंडाला नाव दिलं आणि नातवानं जळलेल्या कोळशाची खूण हवेत शोधली. कसं ते बघा. हवेच्या वरच्या थरांत विश्वकिरणांमुळे कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन सतत तयार होतो. जिवंत झाड तो थोडा थोडा घेत राहतं. झाड मेलं की तो क्षीण होत जातो, दर ५७३० वर्षांनी निम्मा. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो औषधालाही उरत नाही. म्हणजे कोळशाचा धूर हवेत मिसळला तर हवेतला कार्बन-१४ पातळ व्हायला हवा. दुधात पाणी घातलं की व्हावं तसा. हान्स स्यूस यांनी झाडांच्या वर्तुळांतलं लाकूड तपासलं. विसाव्या शतकात वाढलेल्या लाकडात कार्बन-१४ एकोणिसाव्या शतकातल्या लाकडापेक्षा खरोखरच कमी निघाला. हा निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाला. हवामानबदलाचं राजकारण तेव्हा अस्तित्वातही नव्हतं. स्यूस यांना पुराव्याला कुठली बाजू द्यायची नव्हती, कारण बाजूच पडलेल्या नव्हत्या. आम्हाला हा पुरावा म्हणूनच विशेष विश्वासाचा वाटतो.

कुणी म्हणेल, ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. बरोबर आहे, ही शंका रास्त आहे. तिथे दुसरी खूण कामी येते. झाडं कार्बन-१३ थोडा टाळतात, त्यामुळे कोळशात तो कमी असतो. ज्वालामुखीच्या कार्बनमध्ये तसा कमी नसतो. हवेत कार्बन-१३ चं प्रमाण घटतंय, आणि त्याबरोबर प्राणवायूही अगदी किंचित घटतोय. ज्वालामुखी प्राणवायू खर्च करत नाही, जळण करतं. शिवाय जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसानं सोडलेल्याच्या एक टक्क्याहून कमी भरतो.

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. कारखाने येण्याआधी २८० च्या आसपास होते. अंटार्क्टिकाच्या बर्फातले हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या आठ लाख वर्षांत हा आकडा ३०० च्या वर फारसा कधी गेलाच नव्हता. हा वायू उष्णता अडवतो, हे युनिस फूट यांनी १८५६ मध्ये आणि जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगानं दाखवलं होतं. १८५६ म्हणजे तालचेरच्या गोट्यांचंच साल.

राहिला सूर्य. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजताहेत. तीत वाढीचा कल नाही, आणि पृथ्वी मात्र त्याच काळात तापली आहे. सूर्य तापवत असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय. आमच्या मते प्रश्नाचा निकाल इथे लागतो.

पण आता आमच्याच बाजूच्या लोकांना थोडं टोचून बोलतो. चंद्रपूरचं ऊन दाखवून 'बघा, ग्लोबल वॉर्मिंग' म्हणणं आम्हाला पसंत नाही. आपला भाग समुद्रापासून दूर आहे, वैशाखात जमीन कोरडी ठणठणीत असते, वायव्येकडून तापलेला वारा येतो. चांद्याचा उन्हाळा जुन्या लोकांनाही कडकच माहीत होता. त्यात शहरातलं काँक्रीट आणि उघड्या खाणींची तापलेली भर. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं, असं केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. म्हणजे आपले ४७ अंश जवळपास सगळे आपल्या भूगोलाचे, त्यात वरचा अंशभर माणसाचा. आता अंशभर काय, असं वाटेल. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे चारला रानात शिरणाऱ्या बाईला विचारा. तिची मजुरी पुड्यांवर ठरते आणि पुडे किती होतील ते ऊन कधी चढतं यावर. आणखी एक गंमत, कडू गंमत आहे: कोळशाच्या धुरातले कण सूर्यप्रकाश थोडा अडवतात, त्यामुळे भारतातली वाढ जगाच्या मानानं कमी दिसते. धूर स्वच्छ केला, आणि तो करायलाच हवा, की झाकलेलं ऊन बाहेर येईल.

आणि 'माणूस' म्हणजे नेमका कोण? आम्हाला या शब्दाचीच अडचण वाटते. सरासरी भारतीय वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारण होतो, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. भामरागडच्या माडिया कुटुंबाचा हिशेब मांडायला बसलो तर आकडाच हाती लागणार नाही. मेंढा-लेखासारख्या गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून सुमारे १८०० हेक्टर जंगल स्वतःकडे घेतलं. त्यांनाही आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकालाही एकाच 'मानवी हस्तक्षेप' या शब्दात बसवायचं? दुसऱ्या बाजूला आपल्याच जिल्ह्यात हजारो घरं खाणींवर आणि वीज केंद्रावर चालतात. या सभागृहातही त्यांतली मंडळी बसली आहेत. त्यांना दोषी ठरवणं सोपं आहे, आणि त्यांच्या कोळशावर चाललेल्या पंख्याखाली बसून ते करणं तर फारच सोपं. हा गुंता आम्हाला सुटलेला नाही. कारण माणूस आहे हे सिद्ध होतं, पण ओझं कुणी किती उचलायचं हे कार्बन-१४ सांगत नाही.

वेळ संपत आली आहे, एक प्रश्न घेऊ.

मागून एका विद्यार्थिनीनं विचारलंय, स्यूस यांनी तपासली ती झाडं परदेशातली, आपल्या झाडांतही ती खूण सापडेल का? सापडेल. सागाची वर्तुळं वर्षागणिक पडतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मध्य भारतातल्या सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अभ्यास केलेला आहे. धूर एका जागी राहत नाही, वर्ष-दोन वर्षांत जगभरच्या हवेत मिसळतो. त्यामुळे आलापल्लीचा एखादा जुना साग घेतला, तर त्याच्या १९०० नंतरच्या वर्तुळांत वरोऱ्याच्या खाणीतल्या कोळशाचा थोडा कार्बन असेल आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा त्याहून पुष्कळ जास्त. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत गेलात तर ओंडक्याच्या कापावर बाहेरून आत मोजत जा. शंभर-सव्वाशे वर्तुळांपर्यंत जाणारा ओंडका मिळायला मात्र नशीब लागेल.