सिंदखेड राजा व परिसरातील वास्तू

सिंदखेड राजा : महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील ऐतिहासिक नगर व तालुक्याचे ठिकाण. ते जालन्याच्या पूर्वेस सु. ३० किमी. वर जालना–मेहकर मार्गावर वसले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचे जन्मस्थान (१२ जानेवारी १५९८) म्हणून ते सर्वज्ञात आहे. तथापि वास्तुदृष्ट्या त्याचे महत्त्व याहून व्यापक आहे. दख्खनच्या सुलतानशाहीत उदयास आलेल्या एका मराठा सरदार घराण्याने आपल्या वतनाच्या गावी केलेले नगरनिर्माण येथे एकत्र पाहावयास मिळते. त्या घराण्याचा उत्कर्ष आणि त्यावर ओढवलेला घात या दोहोंच्या खुणा या वास्तूंत आहेत.

देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगणाऱ्या जाधव घराण्याकडे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंदखेडची देशमुखी आली. लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार होते. मोगलांच्या दख्खनमधील चढाईच्या काळात १६२१ च्या सुमारास ते मोगलांना मिळाले व पुढे पुन्हा निजामशाहीत परतले. दोन सत्तांच्या सीमेवरील वतनदाराला अशी पक्षांतरे करावी लागत. त्यामुळेच त्याच्या निष्ठेविषयी संशयही कायम राही. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबाद येथे निजामशहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. या घटनेने जाधव घराणे निजामशाहीपासून कायमचे दुरावले आणि त्यातील प्रमुख पुरुष मोगलांच्या सेवेत गेले.

गावातील राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार मुख्य रस्त्यालगत आहे. आतील इमारतींचा बराच भाग पडला असून जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून दाखविली जाणारी जागा येथेच आहे. शहाजीराजे व जिजाबाई यांच्या विवाहाची बोलणी रंगपंचमीच्या उत्सवात रंगमहालात निघाली, अशी परंपरागत कथा आहे. काळाकोट नावाच्या कोटाच्या भिंती सु. ६ मी. रुंद आहेत. वाड्याच्या संरक्षणापुरती एवढी रुंदी आवश्यक नव्हती. तीवरून बांधणाऱ्याची आकांक्षा कळते.

लष्करी बांधकामापेक्षा येथील जलव्यवस्था अधिक लक्षणीय आहे. मोती तलावाच्या बांधाची दर्शनी बाजू एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी बांधलेली आहे. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली इमारत आहे. पुतळा बारवेच्या भिंतींत मूर्ती व शिल्पे बसविली असून सजना बारवही पाहण्यासारखी आहे. पर्जन्यमान बेताचे असलेल्या या प्रदेशात पाणी साठविणे ही वतनदाराच्या कर्तव्याची व प्रतिष्ठेची बाब होती. नीलकंठेश्वराच्या जुन्या मंदिराचा लखुजींनी जीर्णोद्धार केला. त्याच्या दाराशी त्यांचा शिलालेख आहे आणि समोर तळापर्यंत पायऱ्या असलेली चौकोनी बारव आहे.

लखुजींची समाधी ही गावातील सर्वांत भव्य वास्तू होय. हिंदू सरदाराच्या या स्मारकाला दख्खनी सुलतानांच्या थडग्यांप्रमाणे चौरस विधान व घुमट आहे. एकाच दिवशी मारल्या गेलेल्या आप्तांच्या समाध्याही याच आवारात आहेत. २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातर्फे समाधीच्या जतनाचे काम चालू असताना जमिनीत एका प्राचीन मंदिराचा पाया आढळला. त्यानंतर जून महिन्यात सु. १·७० मी. लांब व १ मी. उंच अशी शेषशायी विष्णूची पाषाणमूर्ती मिळाली. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चुरणारी लक्ष्मी आणि समुद्रमंथनाचा प्रसंग तीत कोरलेला आहे. जाधवांच्या नगरापूर्वीही येथे महत्त्वाचे देवस्थान होते, हे या शोधाने स्पष्ट झाले.

या प्राचीन थराचे अवशेष परिसरात इतरत्रही आहेत. लोणार येथील उल्काविवर (व्यास सु. १·८ किमी.) बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झाले असून २०२० मध्ये तेथील सरोवराचा रामसर पाणथळ क्षेत्रांत समावेश झाला. गावातील दैत्यसूदन मंदिर तारकाकृती विधानाचे असून त्याच्या छतावर विष्णूने केलेल्या लवणासुराच्या वधाचे शिल्प आहे. लोणारपासून सु. २५ किमी. वरील मेहकर येथे स्तंभयुक्त ओवऱ्यांनी वेढलेली जुनी धर्मशाळा आणि १८८८ मध्ये जमिनीखाली सापडलेली शारंगधर विष्णूची भव्य मूर्ती आहे. सिंदखेड, लोणार व मेहकर ही स्थळे दोन दिवसांत सावकाश पाहता येतात.

अठराव्या शतकातही हा टापू रणक्षेत्रच राहिला. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला. या विजयामुळे त्या गावास फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले आणि दख्खनमध्ये निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला गेला. १७५७ मध्ये मराठ्यांनी सिंदखेड येथे निजामाचा सरदार रामचंद्र जाधव यास वेढले. नंतरच्या तहाने नळदुर्ग मराठ्यांना मिळाला.

दरवर्षी १२ जानेवारीस जिजाबाईंच्या जयंतीनिमित्त येथे मोठा जनसमुदाय जमतो. त्या मानाने तलाव, बारवा व काळाकोट यांकडे वर्षभर थोड्यांचेच पाय वळतात. जिजाबाई ज्या परिस्थितीत वाढल्या, तिचा प्रत्यक्ष पुरावा मात्र या वास्तूंतच आहे. म्हणून जन्मस्थानाइतकेच त्यांचेही जतन अगत्याचे आहे.