शब्दवेध : नोटरी

लॅटिनमध्ये ‘नोटा’ म्हणजे खूण. समोरच्याचं बोलणं भरभर टिपण्यासाठी रोमन लेखनिक खुणांची लघुलिपी वापरत. असा लेखनिक म्हणजे ‘नोटारिअस’. सिसेरोचा सचिव टायरो याच्या नावानं ही लघुलिपी ओळखली गेली. खिशातली नोट आणि कोर्टाबाहेर बसणारा नोटरी, दोघंही या ‘नोटा’च्याच कुळातले.

टिपणारा हळूहळू साक्ष देणारा झाला. भारतात १९५२ च्या नोटरी कायद्याचं कलम ८ त्याची कामं सांगतं: दस्त साक्षांकित करणं, शपथपत्रासाठी शपथ देणं, भाषांतर पडताळणं, न वटलेल्या हुंडीचा निषेध नोंदवणं. गोव्यात तर २०१२ च्या कायद्यानुसार वारसाहक्काचे दस्तही विशेष नोटरीपुढे होतात.

अधिकाराबरोबर जबाबदारी येते. हजर नसलेल्या माणसाची सही साक्षांकित करणं हे गंभीर गैरवर्तन आहे. गैरवर्तन सिद्ध झालं, तर कलम १० नुसार नोटरीचं नाव नोंदवहीतून काढता येतं. कामाच्या ओघात गुन्हा घडल्यास खटलाही चालतो. मात्र कलम १३ नुसार त्यासाठी सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते.

शिक्क्याची मर्यादाही ओळखायला हवी. त्यानं लग्न लागत नाही, घटस्फोटही होत नाही.

मोठी फसवणूक होते ती घरखरेदीत. शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावराचं खरेदीखत १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावं लागतं. नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर आयुष्याची पुंजी देणाऱ्याला मालकी मिळत नाही.