हुतात्मा

‘हु’ म्हणजे अग्नीत अर्पण करणे. होम, हवन, आहुती हे शब्द याच धातूचे. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. भाववाचक रूप ‘हौतात्म्य’. ते ‘पत्करले’ जाते, बोलताना मात्र माणूस सरळ ‘हुतात्मा होतो’. शब्द घडवण्याचे श्रेय वि. दा. सावरकरांना दिले जाते. अरबी ‘शहीद’ आणि इंग्रजी ‘मार्टर’च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द, दोन्हींचा मूळ अर्थ साक्षीदार. मराठीने साक्ष सोडून यज्ञ धरला, म्हणून हे भाषांतर नव्हे, कल्पनाच निराळी.

गोव्यातही हा शब्द सहज रुजला. तिथले पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. शाळा, देऊळ, पत्रव्यवहार यांतली मराठी तिथे टिकली, त्यामुळे हा शब्द परका वाटण्याचे कारण नव्हते. कोकणीतही तो ‘हुतात्मो’ होऊन रुळला.

त्याला या मातीत अर्थ आला 1955 मध्ये. फेब्रुवारीत अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोर्तुगीज पोलिसांच्या छळाने कोठडीत मरण पावले. मापशाहून डिचोलीकडे जाताना लागणाऱ्या या गावचा हा तरुण गोवा मुक्तिलढ्यातला पहिला हुतात्मा मानला जातो. 15 ऑगस्टला देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याची सीमा ओलांडू लागले. बांद्याकडून येणाऱ्यांना पेडणे तालुक्यात पहिले लागते ते पत्रादेवी. तिथे गोळीबार झाला आणि पंजाबातल्या इसडू गावचे कर्नैलसिंग बेनीपाल ठार झाले. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती जागा पुढे हुतात्मा चौक झाली. शब्द घराघरांत पोहोचला तो कोशामुळे नव्हे, या गोळीबारांमुळे.

वापराचे संकेत साधे आहेत. आजाराने वा वार्धक्याने गेलेल्यांच्या नावाआधी ‘कै.’ लागते, लढ्यात प्राण गेलेल्यांच्या नावाआधी ‘हुतात्मा’. स्त्रीसाठीही रूप तेच, अनेकवचन ‘हुतात्मे’. लढून जिवंत राहिलेल्यांसाठी ‘स्वातंत्र्यसैनिक’. पत्रादेवीच्या सत्याग्रहात तिरंगा धरलेल्या मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय गोळ्या लागूनही वाचल्या, म्हणून त्या हुतात्मा नव्हेत. 1957 मध्ये त्या सागरमधून लोकसभेवर निवडून गेल्या.